नानांचं पोट आणि भरताची वांगी

जळगावहून धुळ्याला जाणाऱ्या एसटीत आमचे नाना, म्हणजे माझे वडील, कायम दाराजवळच्या बाकावर बसायचे. त्यांना खिडकी नको असायची, वारा नको असायचा, फक्त दार हवं असायचं. एरंडोलला गाडी किती वेळ थांबते, पारोळ्याच्या स्टँडवरचा संडास कुठल्या अंगाला आहे, त्याच्या दाराला आतून कडी आहे की सुतळी, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. त्या रस्त्यावरचे कंडक्टर त्यांना ओळखायचे. "गुरुजी, थांबवू का जरा?" असं एखादा आपणहून विचारायचा, आणि मी शरमेने खिडकीबाहेरची कपाशी बघत बसायचे.

नाना जळगावच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवत. घरात आम्ही चौघं, आई, नाना, मी आणि धाकटा भाऊ, आणि पाचवं नानांचं पोट. सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी आई विचारायची, "आज काय म्हणतंय?" आणि मग त्या दिवशीची भाजी ठरायची. शाळेत तपासणीला साहेब येणार असं कळलं की पोट आदल्या दिवसापासूनच कुरकुरायला लागायचं. ग्रेड परीक्षेच्या दिवशी मुलांचे कागद वाटायच्या आधी नाना परसाकडे, गोळा केल्यावर पुन्हा परसाकडे. कधी हे असं, तर कधी चार दिवस काहीच नाही, आणि मग इसबगोल, त्रिफळा, गरम पाण्यात तूप. दिवाळीच्या सुट्टीत मात्र हेच गृहस्थ चिवडा, करंज्या आणि शेवभाजी यांवर सारखाच हात मारायचे आणि पोट ब्र काढायचं नाही. ह्यातून काही अर्थ निघतो हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आम्ही नुसते हसायचो.

मोठे काका गेले आणि ते हसणं बंद झालं.

काका नानांचे सख्खे मोठे भाऊ, धुळ्याजवळच्या आमच्या गावी शेती करायचे. त्यांनाही पोटाचंच झालं होतं. गॅस म्हणून वर्षभर ओवा आणि काळं मीठ खाल्लं. रक्त पडायचं ते मूळव्याध समजून कुणाला सांगितलं नाही, अगदी काकूलासुद्धा नाही. अंगावरचं मांस उतरत गेलं तेव्हा शेतीच्या कामाने म्हणाले. शेवटी तपासलं तेव्हा मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, आणि तोवर हाती करण्यासारखं काही उरलं नव्हतं. काका गेले ते पावसाळ्यात. दसऱ्यापर्यंत नानांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की आता आपला नंबर आहे.

त्यांचं वागणंच बदललं. जेवायला बसले की चार घास खाऊन ताट सारायचे. रंगांचे डबे पुसून, झाकणं घट्ट लावून ठेवले. धाकट्याला सायकल शिकवायचं राहिलं होतं ते घाईघाईने शिकवलं. आणि माझं लग्न काढलं.

मी तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. वनस्पतिशास्त्र माझा विषय, आणि मला पुढे एमएस्सी करायचंच होतं. स्थळ भडगावच्या घरचं होतं, मुलगा दीपनगरला विजेच्या कारखान्यात नोकरीला. मुलात खोट काढावी तर काही नव्हतं, हीच माझी पंचाईत होती. एखादा तिरळा-बिरळा असता तर भांडायला सोपं गेलं असतं. नाना म्हणायचे, "माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे गं. मग माझं काय व्हायचं ते होवो."

घरातली चिडकी मीच. एका संध्याकाळी मी ताट बाजूला सारून म्हणाले, "नाना, तुम्ही मरणार आहात हे तुम्हाला कुणी सांगितलं? डॉक्टरने?"

आईनेच सांगितलं की ते डॉक्टरकडे गेलेच नाहीत. जायची भीती वाटते म्हणून.

"मग आधी डॉक्टर," मी म्हणाले. "ते जे सांगतील ते मी ऐकेन. कॅन्सर असेल तर अक्षय्य तृतीयेच्या आत लग्नाला उभी राहते. नसेल तर मी शिकणार."

बोलून गेले खरी, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आपण आपल्या बापाच्या आजारावर पैज लावल्यासारखं झालं असं वाटत राहिलं. नानांनी मात्र ते सरळ मनाने घेतलं. त्यांना कुणीतरी ढकलायलाच हवं होतं.

धुळ्याला देवपुरात नानांची मोठी बहीण राहायची, माझी आत्या. आतोबा गेल्यापासून घरात एकटीच, आणि एकटी असली तरी चौघांना पुरेल एवढा आवाज. काकांच्या आजारपणात तिने धुळ्याचे पोटाचे एक चांगले डॉक्टर बघून ठेवले होते. ठरलं की नाताळच्या सुट्टीत आत्याकडे उतरायचं आणि त्यांना दाखवायचं. नाना, मी आणि एक मोठी पिशवी असे आम्ही निघालो.

पिशवीत भरताची वांगी होती. हिवाळ्यात जळगावकर बाहेरगावच्या नातेवाइकाकडे निघाला आणि हातात वांग्यांची पिशवी नाही असं होत नाही. माणूस लग्नाला निघालेला असो की मयताला. आमची वांगी बामणोदकडची, हिरवट पांढरी, एकेक तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढं. नाना मरणाच्या विचारात होते, पण वांगी त्यांनी बाजारात एकेक हातात तोलून, देठ तपासून, दुकानदाराशी वाद घालून घेतली होती. त्या वेळीच मला कळायला हवं होतं की हा माणूस इतक्यात कुठे जात नाही.

आत्याने दारातच नानांना न्याहाळलं. "काय व्हयनं रे भाऊ तुले? तोंड कसं सुकी गयं!" मग पिशवीत डोकावली आणि तिचा चेहरा उजळला. "वांगा मात्र झकास शेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. पन्नाशीचे, जाड चष्म्याचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. नानांनी खुर्चीत बसल्या बसल्या सांगून टाकलं, "साहेब, मला कॅन्सर आहे. भावाला होता. रक्त जायचं ते त्याने लाजून कुणाला सांगितलं नाही."

"असं?" डॉक्टर म्हणाले. "मग मला थोडं विचारू द्या. हे पोटाचं कधीपासून?"

"ड्रॉइंगच्या ट्रेनिंगला होतो तेव्हापासून. साहेब तपासणीला आले की जास्त, दिवाळीच्या सुट्टीत गप्प. भाऊ गेल्यापासून वाढलंय."

"म्हणजे विशी-बाविशीपासून. रात्री झोपेतून उठवतं का दुखणं?"

नाना विचारात पडले. "नाही. झोप लागली की लागली."

"घोरतात," मी म्हणाले.

"परसाकडे जाऊन आल्यावर?"

"बरं वाटतं. अगदी मोकळं."

"रक्त दिसलं कधी? लाजू नका. भावाने लाजून लपवलं असं तुम्हीच आत्ता सांगितलंत."

"कधीच नाही. रोज बघतो साहेब, चित्रकलेचा मास्तर आहे. रंगातला फरक मला लगेच कळतो."

डॉक्टर हसले नाहीत, पण मिशी हलली. "वजन उतरलंय?"

नानांनी सदरा वर करून कमरेचा पट्टा दाखवला. वर्षानुवर्षं एकाच भोकात बक्कल बसवून तिथलं कातडं काळं पडलं होतं. दसऱ्यापासून अर्धपोटी राहूनही भोक तेच होतं. डॉक्टरांनी पट्ट्याकडे नीट बघितलं, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या, आणि मला बाहेर बसायला सांगितलं. आत काय तपासलं ते नानांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

मला पुन्हा आत बोलावून डॉक्टर म्हणाले, "हे बघा, माझा अंदाज सांगतो. ह्याला आम्ही इरिटेबल बॉवेल म्हणतो. आतडं चिडकं असतं. मनावर ताण आला की ते आवळतं, घाई करतं, नाहीतर रुसून बसतं. पण त्याला जखम नसते, गाठ नसते. तुमचं सगळं बोलणं त्याच्याशी जुळतंय. इतकी वर्षं झाली, झोपेत त्रास नाही, रक्त नाही, वजन तेच, सुट्टीत बरं."

"मग झालं!" मी म्हणाले.

"नाही झालं. वडिलांनी पन्नाशी ओलांडलीय, सख्ख्या भावाला कॅन्सर झाला, आणि गेल्या तीन-चार महिन्यांत त्रास वाढलाय. अशा वेळी नुसत्या अंदाजावर मी कुणाला घरी पाठवत नाही. आत बघायचं."

आत बघायचं म्हणजे बेरियमचा एक्स-रे. खालच्या बाजूने आतड्यात पांढरं पातळ औषध भरायचं आणि फोटो काढायचे. त्यासाठी आतडं धुऊन काढल्यासारखं रिकामं हवं. कंपाउंडरने बजावलं की दोन दिवस पातळ आणि हलकंच घ्यायचं, आदल्या संध्याकाळी एरंडेल प्यायचं. नानांनी मान डोलावली. पोटाच्या पथ्यात त्यांची हयात गेली होती.

पहिला दिवस पेजेवर निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारीही पेजच झाली. पण त्या संध्याकाळी आत्याने अंगणात कपाशीच्या काड्यांचा जाळ केला आणि वांगी भाजायला घातली. जाळ चटचट वाजत होता, सालं काळी पडून तडकत होती, आणि तो वास देवपुरातल्या त्या अख्ख्या गल्लीत पसरला. शेजारणी कुंपणावरून डोकावायला लागल्या. पथ्याचा विषय निघाला नाही असं नाही. मीच काढला. पण आत्याकडे उत्तर तयार होतं.

"भरीत हलकं शे," ती म्हणाली. "भाजेल वांगं, ना तूप ना साखर. पुरी खावानी नही, बस. आनि वांगा आननारानीच नही खावा, असं कोठे व्हस का?"

आमच्याकडे ह्या शेवटच्या वाक्यापुढे कुणाचं चालत नाही. वांगी आणणारा पहिला घास घेतो, मग बाकीचे. आणि खरं सांगायचं तर आम्हा तिघांपैकी कुणालाच आत्याचं म्हणणं चुकीचं वाटलं नाही. खानदेशात तेलाची तर्री म्हणजे जड, पुरणपोळी म्हणजे जड, वरणबट्टी म्हणजे तर विचारूच नका. भरीत हे आम्ही जेवणात धरतच नाही. लाकडी भांड्यात हिरवी मिरची आणि लसणीबरोबर ठेचलेलं, वर कांद्याची पात, कोथिंबीर, तळलेले दाणे आणि खोबऱ्याचे तुकडे घातलेलं ते भरीत नानांनी पुरीला हातसुद्धा न लावता, अगदी शिस्तीत, वाटीने खाल्लं. दुसरी वाटी आत्याने न विचारता वाढली. दसऱ्यानंतर प्रथमच नानांनी बोटं चाटली. मला इतकं बरं वाटलं की मीच तिसऱ्यांदा वाढायला उठले. मग त्यांनी देवाचं नाव घेऊन एरंडेल प्यायलं आणि सगळ्यांनी म्हटलं, पथ्य अगदी छान पाळलं गेलं.

दुसऱ्या दिवशी एक्स-रेवाल्या डॉक्टरांनी विचारलं, "तयारी नीट केलीय ना?"

"एकदम," नाना म्हणाले. "एरंडेलसुद्धा घेतलं."

मी बाहेर बाकावर बसून होते. बऱ्याच वेळाने नाना बाहेर आले, चालताना जरा फेंगडे. "आतून पोस्टर कलर भरला गं," ते म्हणाले. "पांढरा." तेवढ्यात एक्स-रेवाले डॉक्टर ओल्या फिल्म घेऊन आले. ते हसत नव्हते. "इथे एक सावली दिसतेय," त्यांनी बोटाने दाखवलं. "मी काही सांगणार नाही. तुमच्या डॉक्टरांना दाखवा. ते आता ऑपरेशनला आहेत, संध्याकाळी भेटतील."

ती दुपार मला आजही नीट आठवते. आत्याच्या माजघराच्या खिडकीला नानांनी फिल्म लावून धरली. आधी त्यांच्यातला मास्तर जागा झाला. "बघ, कसलं वळण आहे," ते म्हणाले. "इथून वर चढतं, इथे आडवं होतं, पुन्हा खाली. किती सफाईने काढलंय देवाने." मग त्यांचं बोट त्या सावलीपाशी येऊन थांबलं. पांढऱ्या पट्ट्यात एक काळसर डाग होता, बोराएवढा. खालच्या अंगाला आणखी बारीक बारीक. त्यांनी फिल्म पाकिटात घातली, पाकिटाची कडा नखाने दाबून सरळ केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "भडगावला होकार कळवू या गं. एसटीडीवरून आजच फोन करू."

मी "हो" म्हणाले.

मला वाटलं होतं मी रडेन, निदान चिडेन तरी. तसं काहीच झालं नाही. एमएस्सीचं सगळं मनातून एकदम मागे सरलं, आणि एवढंच उरलं की नानांना त्या मांडवात बघायचंय. नवरा कुणी का असेना, मांडवात नाना हवेत. मी त्यांचा हात धरला. तो रंगाच्या खरखरीत डागांचा हात मी लहानपणानंतर पहिल्यांदाच धरला असेन.

आत्या दारात उभी राहून ऐकत होती. पदराने डोळे पुसून तिने दम भरला, "फोन-बिन काही नही. आधी डॉक्टरले दखाड." आणि तीही पायात चपला घालून आमच्याबरोबर निघाली. पांझरेच्या पुलावरून आम्ही तिघं चालत गेलो. आत्या गप्प आहे हेच मला सगळ्यात भयंकर वाटत होतं.

डॉक्टरांनी फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली. बराच वेळ बघितलं. चष्मा वर करून बघितलं, खाली करून बघितलं.

"परवापासून काय काय खाल्लंत?" त्यांनी विचारलं.

"हलकंच," नाना म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता.

"हलकं म्हणजे?"

"परवा पेज. काल दुपारी पेज. संध्याकाळी जरासं भरीत."

डॉक्टरांनी मान वळवून नानांकडे बघितलं. "भरीत?"

"पण पुरी नाही साहेब. पथ्य होतं ना."

"भरतात दाणे होते?"

नानांना ह्या प्रश्नाचा जरा राग आला. तेवढ्यातही आला. "म्हणजे काय? दाण्यांशिवाय भरीत कसं होईल?"

"खोबऱ्याचे तुकडे?"

"हो."

"कांद्याची पात?"

"आमच्या ह्या अक्काने मुद्दाम कोवळी आणली होती."

"आणि वांगी कुठली?"

"बामणोदकडची."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आधी आवाजच नव्हता, मग असा काही फुटला की कंपाउंडर आत धावत आला. "मी यावलचा, बामणोदच्या शेजारचा," डॉक्टर डोळे पुसत म्हणाले. "धुळ्यात बामणोदची वांगी येतात, अंगणात भाजली जातात, आणि मला साधं बोलावणं नाही!"

आम्ही तिघं बघतच राहिलो. मग ते गंभीर झाले आणि पेन्सिलीने फिल्मवर दाखवू लागले. आतड्यात काही शिल्लक राहिलं की त्याचीही अशीच सावली पडते, आणि ती गाठीसारखी दिसते. नुसती फिल्म बघून दोन्ही वेगळं करता येत नाही. "हे बारीक बारीक दिसतंय ते मला दाण्यांसारखं वाटतंय. पण मी हसलो म्हणून तुम्ही सुटलात असं नाही. ही फिल्म मी धरणार नाही. चार दिवस थांबून पुन्हा काढायची. जे खाल्लेलं होतं ते निघून जाईल. गाठ असली तर जागची हलणार नाही, मग पुढचं बघू."

"भरीत हलकं नही?" आत्याला हे काही केल्या पटेना. "मंग हलकं काय ऱ्हास?"

"पाणी," डॉक्टर म्हणाले.

नानांनी एसटीडीचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. पुढचे ते दिवस आत्याने पोलिसासारखा पहारा केला. शेवटचे दोन दिवस तर चुलीवर पेजेशिवाय काही चढवलंच नाही. माझ्यासाठीसुद्धा नाही. नानांच्या पेजेतली शितं ती गाळण्याने गाळून काढायची आणि भांडं उजेडात धरून बघायची. शेजारीण भजी तळत होती तर तिच्याकडे जाऊन खिडकी लावायला सांगून आली. एरंडेल पाजताना समोर उभी राहिली आणि तोंड उघडायला लावून बघितलं. नाना हळूच मला म्हणाले, "कॅन्सरने नाही गेलो तर हिच्या हातून जाईन." दसऱ्यापासूनचा तो पहिला विनोद होता. मी हसले, आणि हसता हसता मला रडू आलं, आणि नानांनी ते बघितलं.

दुसरी फिल्म डॉक्टरांनी पेटीवर लावली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. आत्याने माझं मनगट इतकं आवळलं होतं की बांगडी रुतली.

"या, गुरुजी," डॉक्टर म्हणाले. "तुम्हीच बघा. तुमचा डोळा तयार आहे."

नाना पुढे गेले. पांढरा पट्टा खालून वर, आडवा, पुन्हा खाली. मध्ये कुठेही डाग नव्हता. त्यांनी पूर्ण रेषेवरून एकदा बोट फिरवलं, न थांबता, शेवटपर्यंत. मग परत उलटं फिरवलं.

"साफ आहे," ते म्हणाले.

"साफ आहे," डॉक्टर म्हणाले. "आता ऐका. तुमच्या भावाचा आजार हळूहळू सुरू झाला आणि पुढेच जात राहिला. रक्त गेलं, वजन गेलं, मागे फिरला नाही. तुमचं तीस वर्षं झाली, येतं आणि जातं, साहेब आले की येतं, दिवाळी आली की जातं. दोघांनाही पोटात कळच आली, पण आजार एक नाही. हा तुम्हाला छळेल, मारणार नाही. मात्र उद्या रक्त दिसलं, खाऊनपिऊन वजन उतरलं, दुखण्याने झोपेतून उठवलं, तर 'हे माझं जुनंच आहे' म्हणून घरी बसायचं नाही. माझ्याकडे यायचं. आणि तसं काही नसलं तरी भावाचं लक्षात ठेवून अधूनमधून दाखवून जायचं."

"येईन," नाना म्हणाले. "वांगी घेऊन येईन."

आत्याने तिथेच, दवाखान्यात, डॉक्टरांवरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. डॉक्टर तिच्याहून फार लहान नव्हते, पण त्यांनी मान खाली केली.

परतीच्या गाडीत नाना चक्क खिडकीशी बसले. पारोळ्याला गाडी थांबली तसे मात्र धडपडत उतरले आणि धावत त्या सुतळीच्या दाराकडे गेले. परत आले तर कंडक्टरने विचारलं, "गुरुजी, बरंय ना?" नाना म्हणाले, "अगदी बरंय! आतडं चिडकं आहे, एवढंच!" हे त्यांनी साऱ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, आणि मला त्या दिवशी मुळीच शरम वाटली नाही. मी पण हसत होते, शेजारची बाई माझ्याकडे बघत होती तरी.

एरंडोलच्या पुढे नाना म्हणाले, "भडगावला कळवतो, मुलगी शिकणार आहे म्हणून."

मी एमएस्सी देवपुरातच केली, आत्याकडे राहून. दर हिवाळ्यात नाना पिशवी घेऊन यायचे, अंगणात जाळ व्हायचा, आणि त्या वासावर पुलापलीकडून डॉक्टरही यायचे, आता रीतसर बोलावण्याने. नानांचं पोट तसंच राहिलं. तपासणी आली की कुरकुर, दिवाळी आली की गप्प. पण रंगांचे डबे पुन्हा उघडे पडायला लागले, त्यांची झाकणं हरवली, आणि आई पूर्वीसारखी ओरडायला लागली.

माझं लग्न पुढे काही वर्षांनी जळगावलाच झालं. मुलगा माझ्यासारखाच, माझ्याच कॉलेजात शिकवणारा, आणि निवड माझी. गोरज मुहूर्त होता. मांडव भरलेला, हाताहातात अक्षता, अंतरपाट धरलेला. भटजींची सगळी मंगलाष्टकं म्हणून झाली आणि त्यांनी शेवटच्या ओळीला तोंड उघडलं, तेवढ्यात आईने माझ्या कानाशी येऊन दातओठ खात सांगितलं, "नाना नाहीत."

कुठे आहेत हे विचारायची कुणालाच गरज नव्हती.

पहिल्या रांगेतून आत्या उठली आणि हात वर करून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी ओरडली. "थांबा, भटजी! मना भाऊ येवाना बाकी शे!" भटजींनी घड्याळाकडे बघितलं. आत्याच्या बाजूला बसलेल्या त्या जाड चष्म्याच्या पाहुण्यांनी तोंडावर रुमाल धरला. बायकांनी घरी रचलेलं आणखी एक मंगलाष्टक लावलं, ते संपलं तर दुसरं. अंतरपाटापलीकडून नवऱ्याने हळूच विचारलं, "काय झालं?" आणि मला हसू आवरेना. मुंडावळ्या हलायला लागल्या, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ज्या पोटाच्या भीतीने ह्या माणसाने एकदा माझं लग्न घाईघाईने उरकायला घेतलं होतं, त्याच पोटासाठी आज सगळं वऱ्हाड ताटकळत उभं होतं. जितका उशीर होईल तितका मला हवा होता.

मग मांडवाच्या मागच्या दारातून नाना धावत आले, एका हाताने धोतराचा सोगा सावरत, दुसरा ओला हात फेट्याच्या शेमल्याला पुसत. माझ्याशेजारी येऊन उभे राहिले, धापा टाकत.

"झालं का?" मी विचारलं.

"झालं," नाना म्हणाले. "म्हणा भटजी, मी आहे."